शुक्रवारचा वास

"आपाय, रागावू नका हं, पण घराला वास आहे," तोग्झान म्हणाली, आणि काम्शातच्या हातातला चहाचा वाडगा ओठांपाशी पोचायच्या आधीच थांबला.

बाई दलाल होती, वडीलधाऱ्या बाईला आदरानं म्हणतात तसं प्रत्येकीला 'आपाय' म्हणणारी. लोकांची घरं विकून देणारी. मुलानं, झांदोसनं, शोधून आणलेली. दारात बूट काढताना तिनं खोल श्वास घेतला तेव्हा काम्शातला वाटलं, जिने चढून दम लागला असेल, कारण लिफ्ट बंद होती. पण दम नव्हता तो, ती हुंगत होती. बाजारात मांस घेण्याआधी बायका हुंगतात तशी. "वाईट असा नाही," ती पुढं म्हणाली, "माणसाचा आहे. आजारी माणसाचा. तुम्हाला नाही कळायचा, तुमचं नाक सरावलंय. पण गिऱ्हाईक आधी नाकानं घर बघतं, मग डोळ्यांनी." एवढं बोलून तिनं चहाचा घोट घेतला, आणि चहा चांगला झालाय असंही सांगितलं. काम्शातच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत राहिली की चार वर्षं तिनं आजारी नवऱ्याच्या चादरी उकळल्या, गादीखाली वर्तमानपत्रं बदलली, भर थंडीत खिडक्या उघडून घर गारठवलं, तो मेल्यावर गादी जाळून टाकली, आणि तरी तो इथंच आहे. तिच्या नाकावर टिच्चून आहे. आणि हे तिला कुणी सांगावं, तर जिला त्याचं नावही माहीत नाही त्या पोरीनं.

ती गेल्यावर काम्शातनं तो पडून असायचा त्या खोलीत जाऊन भिंतीला नाक लावलं. आधी काहीच आलं नाही, मग आलं. मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा, कापराचा, शिळ्या चहाचा, आणि या सगळ्यांच्या खाली त्याचा असा एक, लोकरी टोपीच्या आतल्या बाजूला असतो तसला. लग्न होऊन या घरात आली त्या दिवसापासून तिला तो ठाऊक होता, आणि आवडायचा की नाही हे तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. आता ती कपाळ भिंतीला टेकून उभी राहिली आणि मनात म्हणाली, नीघ. अजून काय हवंय तुला, नीघ की.

तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं, पाहुणे गेले, मोठी पातेली घासून पालथी घातली, त्या संध्याकाळी झांदोस स्वयंपाकघरात येऊन बसला होता. मीठदाणी इकडून तिकडं सरकवत होता. लहानपणी काच फोडली की असाच बसायचा. म्हणाला, "आई, हे घर आपण विकायचं म्हणतोय. गावाबाहेर मी बांधतोय ना, तिथं खाली तुझ्यासाठी खोली ठेवलीय. स्वयंपाकघराला लागूनच. जिने नाहीत, धूर नाही." ती म्हणाली, "आणि मी नाही म्हटलं तर?" तेव्हा त्यानं मीठदाणी सोडली. "बाबांनी ते माझ्या नावावर केलंय. दोन वर्षं झाली. मला वाटलं, तुला बोलले असतील."

बोलले नव्हते. घर आधी सासूच्या नावावर होतं, तिला कापडगिरणीतून मिळालेलं. सासू गेल्यावर ते मुलाचं झालं, मुलाकडून नातवाचं, आणि या तिघांच्या मधल्या जागेत काम्शात फरशी पुसत राहिली. रीतच आहे तशी, बापाचं घर धाकट्या मुलाचं, आणि झांदोस तर धाकटा म्हणा थोरला म्हणा, एकुलताच. कुणापाशी तक्रार करायची सोय नव्हती. ज्या बाईला सांगावं ती म्हणणार, मुलगा तुला नेतोय, सून दारात उभी आहे, आणखी कसलं सुख हवंय तुला? पण काम्शातच्या जिवाला लागलं ते घर नव्हतं, किंवा नुसतं घर नव्हतं. घर पोराच्या नावावर झालं तो दिवस तिनं शोधून काढला. आठवून आठवून काढला. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एका सकाळी तो, ज्याला महिनोन्‌महिने पातळ पेजेखेरीज काही उतरत नव्हतं, तो वाकड्या झालेल्या तोंडानं म्हणाला होता की घोड्याच्या मांसाची सुरळी खावीशी वाटते, पण इथल्या दुकानातली नको, मोठ्या बाजारातली आण, ओळखीच्या बाईकडची. ती हरखली होती. त्याला भूक लागली म्हणून रस्त्यानं एकटीच हसत गेली होती, दोन बस बदलून, बर्फातून घसरत. बाजारात तिनं घासाघीसही केली नाही. परत आली तेव्हा पोरगा घरी होता, कामाच्या दिवशी, आणि टेबलावर तिघांनी चहा प्यालेले वाडगे होते. तिसरा कोण, असं तिनं विचारलंसुद्धा. "हापिसातला एक," झांदोस म्हणाला. आणि अंथरुणातल्यानं मांसाचा एक तुकडा तोंडात घोळवला, गिळवेना म्हणून थुंकला, आणि आपल्या धड हातानं तिचा हात थोपटला. त्याच हातानं तासाभरापूर्वी, त्या तिसऱ्यासमोर, घराच्या कागदावर सही केली होती. सकाळी तोच हात तिनं कोमट पाण्यानं धुतला होता, बोटांच्या बेचक्यासकट.

त्या दिवसापासून, म्हणजे झांदोस बोलला त्या दिवसापासून, तिनं नवऱ्यासाठी वास सोडला नाही. घरातलं माणूस गेलं की दर शुक्रवारी तेल तापवायचं, सात शेल्पेक तळायच्या, पातळ, पुरीहून मोठ्या, आणि तळताना मेलेल्याचं मनात स्मरण करायचं. मेलेल्यांना पोट नसतं, त्यांना वास पोचतो. मग एखाद्या जाणत्या माणसानं नाव घेऊन दुवा मागायची आणि त्या सात जणांच्या तोंडी घालायच्या. एवढंच. नास्तिक म्हणवणारेसुद्धा करतात. काम्शातनं सासूसाठी वर्षानुवर्षं केलं, आणि ती सासू काही साखरेची नव्हती. पण नवऱ्यासाठी शुक्रवारमागून शुक्रवार गेले आणि तिनं कढई काढली नाही. राहू दे उपाशी. मोठ्या बाजारात जा म्हणावं, ओळखीच्या बाईकडं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गल्लीतल्या बायकांनी तिच्या दारावरून जायचं सोडलं असतं.

मग घर सजवायला सुरुवात झाली. सजवायला म्हणजे काय, तर ओरबाडायला. तोग्झान दोन गड्यांना घेऊन आली आणि भिंतीवरचा गालिचा उतरवला, बाल्कनीतल्या गोधड्यांची चवड खाली नेली, लोणच्याच्या बरण्या, सासूची पेटी, दोन तारांचं दोंब्रा, सगळं झांदोसच्या गाडीत. भिंती पांढऱ्या झाल्या. खिडक्यांचे पडदे गेले आणि तिथं अंग झाकलं जाईल न जाईल असलं काहीतरी लोंबायला लागलं. टेबलावर काचेच्या भांड्यात लिंबं आली. काम्शातनं एक उचललं तर तोग्झान म्हणाली, "आपाय, ती खायची नाहीत, दाखवायची आहेत." भिंतीवरचे घरच्यांचे फोटोही उतरवायला लावले. "लोकांना इथं स्वतःला बघायचं असतं. तुम्ही भिंतीवरून बघत असलात तर ते कसे बघतील?" हे ती इतक्या गोड आवाजात म्हणाली की काम्शातला तिच्या कानशिलात द्यावीशी वाटली. ती वाईट मुलगी नव्हती, हेही काम्शातला दिसत होतं, आणि म्हणूनच राग जास्त येत होता. वाईट असती तर एक वेळ परवडली असती. फरशीवर गुडघे टेकून ती स्वतः डाग खरवडायची, नखं तुटली तरी. जेवणाच्या वेळी कोपऱ्यात उभी राहून पिशवीतलं सँडविच खायची, आणि काम्शातनं रस्सा वाढला की एकदा नको म्हणून दुसऱ्यांदा दोन वाडगे प्यायची.

पण त्या खोलीत तिनं पाळणा आणून ठेवला तेव्हा काम्शातच्या अंगाचा तिळपापड झाला. पांढरा, भाड्याचा, आणि त्याच्यात झोपवलेला कापडी हत्ती. पलंग होता बरोबर त्या जागी. जिथं त्याचं डोकं असायचं तिथं हत्तीचं डोकं.

"हे काय?"

"बाळाची खोली. तरुण जोडपी येतील ना, त्यांना उन्हाची खोली बाळासाठीच हवी असते."

"कुणाचं बाळ?"

"कुणाचंच नाही, आपाय. नुसतं सुचवायचं."

"रिकामा पाळणा घरात मांडत नाहीत. तुझ्या आईनं शिकवलं नाही?"

तोग्झान वाकून हत्तीचा कान सरळ करत होती. "माझी आई मी शाळेत असतानाच गेली," ती म्हणाली.

"मग तिच्यासाठी वास सोडतेस की नाही?"

"सोडते की. म्हणजे, शेल्पेक विकत आणते. वेळ कुठं असतो? कोपऱ्यावरच्या भट्टीत गरम मिळतात."

"म्हणजे आईला भट्टीचाच वास जात असणार," काम्शात म्हणाली. बोलून तिला बरं वाटलं आणि लगेच वाटेनासं झालं, कारण ती पोरगी कानापर्यंत लाल झाली आणि तरी हसली. विकत तरी आणते. काम्शात तर तेही करत नव्हती. तिनं मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. आरशाभोवती आता तीन पांढरे टॉवेल होते, ज्यांना कुणीही हात पुसायचा नव्हता. तिनं तिन्हींना पुसला.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते नवराबायको दोघंही मोबाइलवर घराचे फोटो काढत हिंडले, आणि काम्शात त्यांच्या मागून चालत राहिली. कुणी विचारलं नसताना तिनं सांगितलं की मागच्या भूकंपात स्वयंपाकघराच्या भिंतीला भेग गेली होती, हा रंग तिच्यावरच बसवलाय. दुसरी एक बाई आली, डोंगर दिसतात का म्हणून विचारत. "वरच्या अंगाला राहणाऱ्यांना दिसतात," काम्शात म्हणाली, "आम्हाला हिवाळाभर धूर दिसतो. खोकला आहे का तुम्हाला? नाही? होईल." बाईनं पाहुण्यांना घरात घालायला दिलेल्या चपला दारातच काढल्या आणि आपले बूट घालून निघाली. खाली उतरल्यावर तोग्झाननं झांदोसला फोन लावला. तो आवाज जिन्यात घुमला, त्यामुळं काम्शातला सगळं ऐकू आलं. संध्याकाळी झांदोस आला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "आई, पुढच्या वेळी लोक आले की तू जरा खाली फिरून ये," तो म्हणाला, "तुलाही त्रास, त्यांनाही त्रास. सफरचंदं बघून ये बाजारात. या वर्षी चांगली आलीत म्हणे."

ती गेली. पुढच्या दोन्ही वेळा गेली. खाली इमारतीच्या बाकावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन, आणि वर आपल्याच खिडकीत परक्या माणसांची डोकी हलताना बघत राहिली. दुसऱ्यांदा बसली असताना तिच्या मनात एकदम लख्ख झालं की हे आधी झालेलं आहे. हे असंच झालं होतं. बाजाराला जा. चांगलं आलंय, बघून ये. बाप मांस आणायला पाठवतो, पोरगा सफरचंदं आणायला, आणि ती पिशवी घेऊन निघते, मूर्खासारखी, वाटेत हसतसुद्धा. मागं टेबलाशी तिसरा वाडगा मांडला जातो. आयुष्यभर या घरात जे ठरलं ते ती बाहेर असताना ठरलं. सासरे वारले तेव्हा ती पाणी आणायला गेली होती. झांदोसनं मेरूएर्तला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा ती सासूला घेऊन दवाखान्यात होती, परत आली तर सून ठरलेली. शेजारून एक बाई कुत्रं घेऊन जात होती. ते कुत्रं थांबून तिचे बूट हुंगायला लागलं. तुलाही येतो का रे वास, तिनं विचारलं, आणि बाईनं कुत्र्याला ओढून नेलं.

गुरुवारी झांदोसचा फोन आला. उद्या दुपारी गावाकडचं कुणीतरी येतंय, केगेनकडचं, पैसे तयार असलेलं, म्हणून जपून. "आणि आई, उद्या शुक्रवार आहे. तळत असशील बाबांसाठी, माहीत आहे मला. पण हा एक शुक्रवार सोड. तेलाचा वास भिंतीत बसतो, तोग्झान म्हणत होती. पुढच्या शुक्रवारी दुप्पट कर, हवं तर."

त्याला वाटत होतं ती तळते. बापाला पोचतंय म्हणून निर्धास्त होता तो. बायकोला सांगत असेल, आई करते सगळं. काम्शात फोन कानाला लावून उभी राहिली आणि बऱ्याच महिन्यांनी तिला खदखदून हसू आलं, जे तिनं आत दाबलं. "बरं," ती म्हणाली. तिचं ठरलं होतं.

शुक्रवारी सकाळी तिनं कणीक भिजवली. परात झांदोसच्या गाडीतून गेली होती, म्हणून लिंबांच्या काचेच्या भांड्यात भिजवली. लिंबं मोरीत. दूध, थोडं मीठ, साखरेची चिमूट. लाटणं नव्हतं, मग पांढऱ्या बाटलीनं लाटलं, शोभेची होती, पण गोल होती. कढई मात्र तिनं आधीच लपवून ठेवली होती, ओव्हनच्या आत. तेल सढळ ओतलं. खिडक्या लावून घेतल्या, तो धूर काढणारा पंखा बंद ठेवला, आणि त्या खोलीचं दार सताड उघडं. पहिली शेल्पेक तेलात पडली तेव्हा जो चर्र आवाज झाला त्यानं तिच्या मानेवर काटा आला. ती फुगली, तिनं उलटली. वास उठला. तिला मनात कुणाचंही स्मरण करायचं नव्हतं. तिनं भिंतींचं केलं. त्या पांढऱ्या पडद्यांचं, टॉवेलांचं, हत्तीचं. घ्या, प्या, भरून घ्या. धूर निळा होत चालला, छतापाशी थर धरून राहिला, आणि ती जिथं नवी नवरी म्हणून वाकून सलाम करायला उभी राहिली होती त्या उंबऱ्यापर्यंत पसरला. तिचे डोळे झोंबत होते. तिला फार, फार बरं वाटत होतं. कुणाला छळताना वाटतं तसलं बरं.

तोग्झान किल्लीनं आत आली आणि दारातच थांबली. "आपाय," ती म्हणाली. मग पळत जाऊन तिनं एकेक खिडकी उघडली. "काय केलंत हे? ती माणसं खाली गाडीतून उतरतायत!"

"शुक्रवार आहे. मेलेल्यांचा दिवस आहे. पोलिसांत देणार आहेस का?"

"तुम्ही आज खाली जाणार होता."

"नाही जाणार."

"झांदोसना सांगू मी?"

"सांग. त्याला म्हणावं, आई बाजारात गेली नाही."

ती पोरगी तिच्याकडं बघत राहिली. बहुतेक तिला काहीतरी कळलं, सगळं नाही. तिनं पडद्याच्या टोकानं धूर हाकायला सुरुवात केली, आणि मग हातच खाली सोडले, कारण दारावर टकटक झाली होती.

ओराझखान नावाचा म्हातारा होता, गुरांचा डॉक्टर, आता निवृत्त. बरोबर बायको, बातिमा, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेली. नातवंडं शहरात शिकायला येणार म्हणून घर हवं होतं. तोग्झान माफी मागायला लागली, म्हणजे जरा हवा खेळती नाही, एरवी अगदी, पण म्हाताऱ्यानं तिच्याकडं लक्षच दिलं नाही. त्यानं टोपी काढली, दारातच खोल श्वास घेतला, आणि बायकोला म्हणाला, "ऐकलंस का, या शहरात चार दिवस घरं बघतोय, पहिल्यांदा एका घरात माणसं राहतात असं वाटलं." बातिमा म्हणाली, "बाकीच्या घरांत गुळगुळीत साबणासारखा वास. मला तर मळमळायला लागलं होतं."

काम्शातच्या हातातला झारा थांबला. तिला वाटलं, हे बरं नाही झालं. तिनं कंबर कसली. "भूकंपात इथं भेग गेलीय," तिनं सांगितलं, झाऱ्यानंच दाखवलं.

"भेग कुठं जात नाही, वहिनी," म्हातारा म्हणाला. "भिंत उभी आहे ना?"

"हिवाळ्यात धूर असतो."

"आमच्याकडं वारा असतो. धूर तरी घराबाहेर राहतो."

ती त्यांना त्या खोलीत घेऊन गेली. आपण होऊन, पुढं होऊन. तोग्झान मागून "आपाय, आपाय" करत होती. "इथं माझा घरधनी चार वर्षं अंथरुणाला खिळून होता," काम्शात म्हणाली, अंगातलं सगळं विष जिभेवर आणून. "इथंच हगला-मुतला, इथंच गेला. हा पाळणा भाड्याचा आहे." तोग्झाननं डोळे मिटून घेतले. म्हातारा खोलीभर बघत राहिला. उन्हाचा पट्टा हत्तीवर पडला होता. बातिमानं पुढं होऊन स्वतःच्या खांद्यावरची शाल काढली आणि पाळण्यावर टाकली, रिकामा उघडा राहू नये म्हणून, आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. काम्शातला ती बाई आवडली. आवडली याचा तिला संताप आला.

"चार वर्षं," ओराझखान म्हणाला. "अंथरुणात, स्वतःच्या घरात, बायकोच्या हातून. माझा भाऊ दवाखान्याच्या बोळात गेला, वहिनी. चार दिवसांत. चांगलं घर आहे म्हणायचं." आणि मग, जणू हेच विचारायला तो इतक्या लांबून आला होता, अशा सरळपणे, "त्यांच्याचसाठी सोडताय ना वास? मग अशा उभ्या का? आणा, बसून दुवा मागू. नाव काय त्यांचं?"

सगळे तिच्यामागून स्वयंपाकघरात आले, आणि तिनं उत्तराऐवजी सातवी शेल्पेक तेलात सोडली. ती त्याचं नाव कधीच घेत नसे. घरधनी म्हणायची, झांदोसचे बाबा म्हणायची, आजारपणात तर 'अहो' म्हणायचीही गरज उरली नव्हती. आणि गेल्या महिन्यांत मनात ज्या नावांनी हाक मारली होती ती म्हाताऱ्याला सांगण्यासारखी नव्हती. कुणासाठीच नाही, असं म्हणता आलं असतं. तुम्हाला पळवून लावण्यासाठी तळल्या, असं म्हणता आलं असतं, आणि खरंही तेच होतं. पण स्वयंपाकघरात चार माणसं उभी होती, ताटात सहा शेल्पेक एकावर एक रचलेल्या होत्या, सातवी तेलात लाल होत होती, आणि म्हाताऱ्यानं तळवे आधीच छातीपाशी उघडले होते. उघडलेल्या तळव्यांत काहीतरी टाकावंच लागतं.

"सापारगाली," ती म्हणाली.

बसले. पांढऱ्या गाद्यांच्या खुर्च्यांवर बसले, ज्या बसायच्या नव्हत्या. म्हाताऱ्याचा आवाज सुरुवातीला खरखरीत होता, मग मोकळा झाला, आणि त्यात ते नाव आलं, एकदा, दोनदा, तिच्या सासऱ्यांच्या नावाबरोबर, सासूच्या नावाबरोबर, जी त्यानं मध्येच थांबून विचारून घेतली. तोग्झाननंही तळवे पुढं धरले होते आणि तिचे ओठ हलत होते. तिनं हळूच स्वतःच्या आईचं नाव त्यात सरकवलं, म्हाताऱ्यानं तेही घेतलं. सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. काम्शातच्या हातांना कणकेचा आणि तेलाचा वास येत होता, आणि ती रडत नव्हती. तिला भयंकर राग आला होता, इतका की दात एकमेकांवर घासत होते. पोचलं त्याला. पोट भरून पोचलं. परक्या माणसाच्या तोंडून, नाव घेऊन, सात शेल्पेकांसकट, आणि तिनंच पोचवलं.

ओराझखाननं एक तुकडा मोडला, चावला. "झांदोस म्हणजे मुलगा ना? त्याला कळवा, आम्हाला पसंत आहे," तो तोग्झानला म्हणाला. "ज्या घरात मेलेल्याला आठवतात ते मला पोरांसाठी हवं." आणि बातिमा दारात थांबून, रुमालाचं टोक चाळवत, संकोचानं म्हणाली, "वहिनी, थोडी शिदोरी बांधून द्याल का? तुमच्या घराचं उष्टं आमच्या नातवंडांच्या तोंडी लागू दे. तुमच्यासारखं निभावता यावं त्यांना." चांगल्या घरातून असं मागून नेतात, मागणाराचं भाग्य म्हणून. नाही म्हणायची सोय नसते. काम्शातनं मोरीतला एक पांढरा टॉवेल आणला, त्यात तीन शेल्पेक बांधल्या आणि त्यांच्या हातात दिल्या. शाल पाळण्यावरच राहिली. बातिमा म्हणाली, "राहू दे. आम्ही येणारच आहोत."

त्यांची पावलं जिन्यावरून उतरत गेली. तोग्झान भिंतीला टेकली. "आपाय," ती म्हणाली, "जमलं. तुम्ही विकलंत की हो घर." तिला टोमणा मारायचा नव्हता. तिच्या चेहऱ्यावर निव्वळ थकवा होता आणि थोडंसं प्रेमही होतं, आणि म्हणूनच ते वाक्य सुरीसारखं गेलं. तिनं हात पुसले, ताटातली एक शेल्पेक विचारून घेतली, आईसाठी, आणि फोन करायला त्या खोलीत गेली, कारण तिथं रेंज चांगली येते.

काम्शात ओट्यापाशी उभी राहिली. म्हणजे शेवटी मेलेल्या नवऱ्यानं तिला आणखी एकदा बाजाराला पाठवलं होतं. ती घरातून हलली नव्हती, पाय रोवून उभी राहिली होती, आणि तरी गेली होती, पिशवी घेऊन, हसत हसत, आणि मागं घर गेलं होतं. त्याला खायला मिळालं, मुलाला पैसे मिळतील, म्हाताऱ्याला माणसांचं घर मिळालं, दलाल पोरीला दलाली आणि आईसाठी एक शेल्पेकही. सगळ्यांना सगळं मिळालं. आतून तोग्झानचा आवाज येत होता, "हो, हो, पसंत आहे, नाही, तुमच्या आईंमुळंच, खरंच सांगते, त्यांच्यामुळंच." खिडक्या उघड्या होत्या आणि धूर बाहेर चालला होता, खालच्या सगळ्या शहराच्या धुरात मिसळायला. तिनं जाऊन स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली.

काचेच्या भांड्याच्या तळाशी कणकेचा एक गोळा उरला होता. सात झाल्या की उरलेल्या कणकेचं काय करायचं याला काही रीत नाही. पोरं असली की त्यांना चिमणी करून तळून देतात. तिनं तो तळहातावर थापला, बाटली घेतली नाही, आणि तेल अजून गरम होतं त्यात सोडला. ती वाकडी झाली, एका कडेला जाड, मधे भोक. वास उठला, तोच वास, आणि तो तिच्या केसांत, कपड्यांत, पापण्यांत बसला. हा कुणासाठी, असं त्या म्हाताऱ्यानं आता विचारलं असतं तर तिला नाव सांगायला वेळ लागला नसता. काम्शात, ती म्हणाली असती, काम्शातसाठी, जी अजून जिवंत आहे. आतल्या खोलीत फोन चालूच होता. तिनं शेल्पेक झाऱ्यावरून उचलली, फुंकरही घातली नाही, आणि ओट्यापाशी उभ्या उभ्या खायला लागली, जीभ भाजली तरी.